कलती मान

वस्ताद, आज डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो होतो. त्यांनी माझा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मला भिंतच धड दिसेना. काचबिंदू आहे म्हणाले. डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजवा थेंब घालून सांभाळायचा. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, डोळा चांगलाच दिसतो. चालत घरी आलो आणि पायरीवरच बसून राहिलो. दिवसभर लेथवर उभं राहून पाय भरून येतात, ते रोजचंच आहे, पण आजचा शीण पायांतला नव्हता. शिवजयंती तोंडावर आली आहे. चौकात दांडपट्ट्यानं तळहातावरचं लिंबू कापून काढायला दरवर्षीप्रमाणं मीच उभा राहणार, असं सगळ्या तालमीनं धरलंय, आणि यंदा लिंबू धरणार आहे माझी मुलगी. हे कुणाला सांगायचं ते सुचेना, म्हणून आता रात्री तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असता तर हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी छाती मला झाली नसती.

तुमच्याकडं आलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. मला पट्टा फिरवायचा होता आणि तुम्ही मला गादीवर उभं केलंत. पिंजाऱ्याचं घर तुमचं. सोप्यात कापूस पिंजायची धनुकली टांगलेली, तुमच्या भुवयांवर कायम कापसाचे तंतू. नवी भरलेली गादी टाके घालण्याआधी अंगणात पसरायची आणि तिच्यावर आम्ही पवित्रा घ्यायचा. पाय रोवावा तर खाली रोवायला काही नाही. टाच दाबली की चवडा सुटतो, चवडा दाबला की कंबर भलतीकडं पळते. तुम्ही मागून फिरत असायचात. "ढुंगान आत घे. म्हैस बसल्यागत काय बसतूस?" आतून तुमच्या घरच्या, आमच्या चाची, ओरडायच्या, "गिऱ्हाइकाची गादी हाय ती, लग्नात द्यायची हाय." त्यावर तुम्ही शांतपणे म्हणायचात, "कापूस बसतोय की बरा. पोरं फुकटात तुडवून देत्यात." पेठेतल्या कितीतरी जोडप्यांचा संसार आमच्या पवित्र्यांवर सुरू झाला आणि त्यांना शेवटपर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

गादीवर तोल जमला की तुम्ही डोळे मिटायला लावायचात. "डोळ्यानं मोजू नगंस. डोळा दगा देतोय. पायानं मोज." आम्हाला वाटायचं, ही काहीतरी जुनी मोठी विद्या आहे. चिडचिड व्हायची, पोटऱ्या थरथरायच्या, दुसऱ्या तालमीतली पोरं पहिल्याच महिन्यात लाठी फिरवतात आणि आपण गाद्या तुडवतोय याची लाज वाटायची. मग एके दिवशी तुम्ही गादीवरून उतरवून तालमीतल्या तांबड्या मातीवर उभं केलंत, आणि जमीन आपणहून तळव्याला धरते आहे असं मला वाटलं. मी हसलो. तुम्ही म्हणालात, "आता पट्ट्याला हात लाव."

आणि मान. पवित्र्यात उभे राहिलात की तुमची मान किंचित डावीकडं वळायची आणि कलायची. तुम्ही कमरेबद्दल बोललात, टाचेबद्दल, खांद्याबद्दल बोललात, पण मानेबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. त्यामुळंच आमची खात्री पटली की खरी खुबी तिथंच आहे आणि वस्ताद ती मुद्दाम राखून ठेवतायत. आम्ही सगळ्यांनी ती उचलली. मी तर आमच्या न्हाणीघरातल्या फुटक्या आरशासमोर मान कलती करायचा सराव करायचो. त्या मानेपायी डावा खांदा पडायचा, वळताना तोल जायचा, आणि तुम्ही खांद्यावरून बोलायचात, मानेवरून नाही. मिरवणुकीत आम्ही निघालो की लोक लांबूनच ओळखायचे, वाकड्या मानेची तालीम आली. आम्हाला त्याचाही अभिमान वाटायचा. तुम्हाला आमच्या माना दिसत नव्हत्या की दिसूनही तुम्ही गप्प होतात, हे मला अजून कळलेलं नाही. टोकलं असतंत तर कुणीतरी विचारलं असतं, वस्ताद, मग तुमची का?

कळलं ते तुमच्या स्वयंपाकघरात. शिवजयंतीचा आदला दिवस. त्या वर्षी लिंबू धरायचा मान मला मिळालाय, मी हवेत आहे. तुम्ही पाटावर बसलाय, चाची चुलीसमोर. त्या माझ्या हातात तुमचा चहा देतात आणि मी तो तुमच्या डाव्या बाजूला ठेवतो. तुम्ही हात टेकायला जाता आणि कप कलंडतो. तुम्ही धोतर झटकत बाहेर जाता. चाची फडकं घेऊन पुसायला बसतात आणि पुसता पुसता बोलून जातात, "त्या अंगाला ठिवू नगंस रं. त्यांस्नी तिकडचं दिसत न्हाय." मग त्यांचा हात थांबतो. त्या माझ्याकडं बघतात. "कुटं बोलू नगंस. पट्टा गेला हातातनं तर घरात बसून मरंल त्यो मानूस." मी मान हलवतो. तीच, कलती केलेली मान.

दुसऱ्या दिवशी चौकात मी गुडघा टेकून बसलो. ऊन मी म्हणत होतं, हलगी वाजत होती, माणसं छपरांवर चढली होती. त्याच महिन्यात मला उद्यमनगरात लेथवर कामाला घेतलं होतं. निघताना वडील एवढंच म्हणाले होते, "हातावर पोट हाय तुजं, ध्यानात ठेव." मी तळहात पुढं केला, तुम्ही त्यावर लिंबू ठेवलंत, मागं सरलात, पवित्रा घेतलात. तुमची मान डावीकडं कलली. आदल्या दिवसापर्यंत तिला बघून माझा ऊर भरून यायचा. त्या क्षणी मला फक्त एकच दिसत होतं, की हा माणूस एका डोळ्यानं माझ्या बोटांकडं बघतोय. माझा हात हलला. फार नाही, लिंबू जागेवर फिरलं तेवढंच. तुम्ही पट्टा खाली घेतलात, जवळ आलात आणि माझ्याकडं बघत राहिलात. मी काय ऐकलंय ते तुम्हाला तेव्हाच उमगलं असणार. मग तुम्ही लोकांकडं वळलात आणि मोठ्यांदा म्हणालात, "आज लिंबू माजा पट्ठ्या काढंल." पट्ट्याची मूठ माझ्या हातावर चढवलीत आणि स्वतः गुडघा टेकलात.

"वस्ताद, नगं," मी म्हणालो.

"उभा ऱ्हा नीट. गादीवर हाईस समज."

तुमचा तळहात एखाद्या पाटासारखा स्थिर होता. मी कसा उभा राहिलो, कसा वळलो, मला आठवत नाही. पायांना आठवत असेल. लिंबाच्या दोन फोडी मातीत पडल्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. वस्तादांनी जिवंतपणी पट्टा सोपवला, असं सगळी पेठ कौतुकानं सांगत राहिली. मला मात्र पुढं किती दिवस तुमच्या घरी यायचं धाडस झालं नाही. आलो तेव्हा तुम्ही कापूस पिंजत होतात. धनुकली न थांबवता म्हणालात, "हाललास ते बरं झालं. न्हायतर मी मारत ऱ्हायलो असतो आनि एक दिवस कुनाचं तरी बोट गेलं असतं. मला सोताहून थांबता येत न्हवतं, व्हय." त्या 'व्हय'नंतर आपण कधी त्या विषयावर बोललो नाही. तुम्ही घरात बसून मेला नाहीत, शेवटपर्यंत गाद्यांभोवती फिरत पोरांच्या कमरांवर ओरडत राहिलात. चाचींची भीती खोटी ठरली, एवढं मला बघायला मिळालं.

आता माझी मुलगी. तिच्या आईच्या विरोधाला न जुमानता मी तिला मातीत उतरवलं. तिचा पवित्रा माझ्यापेक्षा सरस आहे. मानही माझ्यासारखीच कलती आहे, म्हणजे तुमच्यासारखी. गेला महिनाभर मला संशय होता, लेथवर डाव्या बाजूची हत्यारं चाचपावी लागत होती. आज डॉक्टरांनी तो खरा ठरवला. म्हणून तिथून आल्यावर संध्याकाळी तालमीत तिला हात पुढं करायला सांगितला, त्यावर लिंबू ठेवलं आणि पट्टा घेऊन नुसता समोर उभा राहिलो. मनात म्हणत होतो, हल. एवढीशी हल. ती हलली नाही. उलट मलाच म्हणाली, "बाबा, मारा की. हात धरलाय की मी." तुम्हाला थांबवायला माझं भित्रेपण होतं वस्ताद. ही पोर मला थांबवणार नाही. मला माझं मीच थांबायचं आहे, आणि तुम्ही ते मला शिकवलं नव्हतंत.

मी पट्टा खाली ठेवला. तिच्यामागं जाऊन दोन्ही हातांनी तिची मान सरळ केली. तिनं एक वळसा घेतला आणि म्हणाली, "हे सोपं जातंय. मग तुमची का वाकडी?" मी म्हणालो, सवय. खोटं नव्हतं ते. एवढी वर्षं सवयच होती, नुसती नक्कल. आता ती लागते, आणि सरळ करायची म्हटली तर समोरचं माणूस अर्धं नाहीसं होतं.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या घराच्या जागी आता सायकलचं दुकान आहे. घडी घालून पट्ट्याच्या गवसणीत ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. मगाशी घरी मुलीला म्हणालो, यंदा माझा खांदा दुखतोय, लिंबू तू काढ, हात मी धरतो. ती "बरं," म्हणाली. मग माझ्या डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप तिनं उचलला आणि उजवीकडं ठेवला.