जास्वंदीची ओटी

२१ जाने.
गेली. सकाळी बाल्कनीत गेले तर 'कटिंग' जास्वंद काळी ठिक्कर, पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबतायत. नखाने खोड खरवडून पाहिलं. हिरवं नाही. खाली पाहिलं, अजून खाली. कुठेच नाही. इथे लखनौत गोठलेल्या दहिवराला 'पाला' म्हणतात. पाल्याने माझा पाला जाळला. श्री असते तर या विनोदावर तेच आधी हसले असते.
ऋचा म्हणाली, "आई, नर्सरी से दूसरी ले आते हैं ना."
दुसरी! तिच्या बाबांनी मानक नगरच्या क्वार्टरमध्ये रंगाच्या ब्रशने या फुलाचे पराग त्या फुलाला लावून काढलेली जात. दुधाळ चहाचा रंग, मध्ये कत्थई ठिपका. म्हणून नाव 'कटिंग'. रेल्वेचा इंजिनिअर माणूस, याहून काव्य कुठलं सुचणार. ते जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून मी रोज सकाळी चहा घेऊन तिच्यापाशीच बसायचे. उद्या कुठे बसू?

२३ जाने.
डोकं ठिकाणावर नव्हतं, नाहीतर कालच आठवलं असतं. मॉरिशसच्या वन्सं! लखनौला आल्या होत्या तेव्हा श्रींनी बहिणीला एक फांदी दिली होती, ओल्या नॅपकिनमध्ये, पर्समधून. तेव्हा कोणी विचारलंही नाही.
व्हिडिओवर दाखवली. भिंतीच्या वर गेलीय. फुलंच फुलं. मी रडायलाच लागले.
"वहिनी, रडतेस काय, पाठवते की! खाली रोपं केलीत मी तिची."
पर्समधून नको म्हटलं. यावेळी कायद्याने. पकडली गेली तर संपलंच.

५ फेब्रु.
दिल्लीचे एक तिवारीजी मिळाले, परदेशी माल सोडवून देणारे. परवाना आधी. तिकडचा रोगमुक्तीचा दाखला. मुळं धुतलेली, मातीचा कणही नको. इथे आल्यावर काही महिने बाकी झाडांपासून वेगळी ठेवायची, साहेब घरी येऊन बघणार.
"मैडम, पौधा मँगा रही हैं या कटिंग?"
"पौधा."
"तो कटिंग क्यों लिखा है?"
"उसका नाम है."
त्यांनी ते खोडून 'पौधा' लिहायला लावलं.
बाल्कनी रिकामी केली. तुळससुद्धा शेजारच्या मिसेस श्रीवास्तवांकडे दिली. लखनौच्या या महानगर कॉलनीत येऊन मी तुळस हद्दपार केली हे सांगलीला घरी कळलं तर खैर नाही.

२ मार्च
परवाना आला. वन्संना पुन्हा बजावलं. माती नको, माती नको, माती नको.
"अगं कळलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

१७ मार्च
निघाली आज. वन्सं फोनवर हमसून रडल्या. "दादाची लेक घरातून चालल्यासारखं वाटतंय गं." मीही रडले. ऋचा आमच्याकडे पाहून म्हणाली, "आप दोनों ठीक तो हैं?"

२२ मार्च
तिवारीजींचा फोन. दिल्लीत अडकवली.
"मैडम, पौधा तो ठीक था, मगर डिब्बे में पूरी पूजा की थाली रखी है."
तांदूळ. नारळ. सुपारी. ओली हळद, परसातली, मातीसकट. वर हिरवा खण. कागदावर यातलं काहीच नाही. बीबियाणं लपवून आणल्यासारखं झालं, वर माती. सगळंच नष्ट करतील म्हणाले. झाडासकट.
वन्संना फोन केला. काय बोलले ते लिहायला नको.
त्या म्हणाल्या, "घरातून बाई निघाली तर मोकळ्या ओटीनं कशी पाठवू?"
"वन्सं, झाड आहे ते! झाड!"
"मातीचं म्हणालीस ते झाडाच्या मुळांचं म्हणालीस ना..."
फोन आपटला.

२३ मार्च
जेवण जात नाही. तिवारीजी फोन उचलत नाहीत. त्या बाईने परवान्याचं, माझं, सगळ्याचं वाटोळं केलं. आणि तिकडे तिचं झाड भिंतीवर फुलांनी लगडलेलं.
ऋचा: "बुआ को क्या पता था, यार."
"आत्या म्हण."
"हाँ, आत्या. आत्या को क्या पता था."
दुसरं रोप मागवू म्हणते. हे असं झाल्यावर पुन्हा परवाना कोण देतंय मला. आणि तोवर मी...

२६ मार्च
दिल्ली. पहाटेच्या गाडीने गेले. तिवारीजींनी एका बाई अधिकाऱ्यांसमोर उभं केलं. वयाने माझ्याएवढ्याच, चष्मा नाकावर. विचारलं, हे सामान का ठेवलं?
ओटीला हिंदीत काय म्हणतात? इतकी वर्षं इथे राहून मला येईना. तोंडातून डोहाळजेवणाचाच शब्द गेला, "गोद भराई."
"किसकी गोद भराई?"
"पौधे की."
तिवारीजींनी कपाळाला हात लावला. बाईंनी चष्मा काढला. मग मी जे सुटले ते सुटलेच. मराठीत, हिंदीत, दोन्हीची खिचडी. नवरा गेला, झाड गेलं, नणंद वेडी आहे, आमच्यात असं करतात, बाई घरातून निघते तेव्हा, आणि मॅडम ती शेवटची आहे. शेवटची नाही, तिकडे आहे, पण माझ्यासाठी शेवटची आहे. लाज वाटली नाही. पायही धरले असते.
"सुनिए, रोइए मत. मैं देखती हूँ. वादा नहीं करती."
काचेपलीकडून दाखवली. वीत-दोन वीत रोप, खालची पानं पिवळी. खण तिच्या कमरेला नीट गुंडाळलेला, निऱ्यांसकट. राग आला आणि तरी काचेला हात टेकवून बघत राहिले.
खण दिला मला. "यह पौधा नहीं है, ले जाइए."

३१ मार्च
जाळणार नाहीत! तांदूळ, हळद, नारळ, सगळं नष्ट. तिला औषधाचा गॅस देऊन सोडतील. तिवारीजी म्हणाले, "बचने की गारंटी कोई नहीं." गॅरंटी मागतंय कोण.

४ एप्रिल
घरी आली. काडी आहे. एक पान नाही. मुळंही छाटलीत. तिला कुंडीत लावताना ऋचाने कुंडी धरली.
बाल्कनीत हिरवी जाळी लावली. बाहेर आत्तापासून ऊन भाजतंय.

१९ एप्रिल
बघायला साहेब आले. काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माताजी, इसमें देखना क्या है?"
चहा दिला त्यांना. साखर घालायला विसरले.

२७ एप्रिल
शेंड्याकडून काळी पडत चाललीय. कापली. खालीही काळी, परत कापली. आता बोटभर उरली. इथली लू, गरम वारं, सुरू झाली. ओली पोती टांगते, वाळतात, पुन्हा ओली करते. मूर्खासारखी तिच्याशी बोलते. श्रींशी बोलते. तुम्ही केलीत ना, मग सांभाळा.
नखाने खरवडायला गेले तर ऋचाने हात धरला. "आई, नको ना बघू." मराठीत म्हणाली. शाळेत गेल्यापासून ही मुलगी मला मराठीत उत्तर देत नाही.
खरवडलं नाही.

३ मे
वन्संचा फोन. त्या दिवसानंतर मी उचललाच नव्हता. आज उचलला. भांडायलाच उचलला.
"काडी उरलीय वन्सं. तुमच्या ओटीपायी. झाडाला कसली ओटी?"
मग हळूच म्हणाल्या, "झाडाची नव्हती गं. तुझी होती."
"माझी?"
"दादा गेल्यापासून भरली कुणी तुझी? हळदीकुंकवाला तू दाराआडच उभी राहणार. समोर भरली असती तर लोक बोलले असते, आणि तूही घेतली नसतीस. म्हटलं रोपाच्या पदरात घालते. डबा तूच उघडशील ना घरी. कोण बघतंय."
दिल्लीत कुणीतरी भलत्यानेच उघडला तो.
मी म्हटलं, "वन्सं, त्यात झाड मेलं तर?" त्या रडत होत्या. मी रागावलेलीच होते आणि तरी फोन ठेववेना. अजूनही रागावलेली आहे. तांदूळ दिल्लीवाल्यांनी जाळले. माझे तांदूळ.

९ मे
तो खण घेऊन आलमबागला गेले, जुन्या शिंपिणीकडे. क्वार्टरमध्ये असताना सगळे ब्लाउज तिच्याकडेच. माप तिला अजून पाठ.
"हरा? बहुत दिन बाद, भाभी. किसकी शादी है?"
कोणाची नाही म्हटलं.
"कब चाहिए?"
जल्दी नहीं है, म्हटलं आणि निघाले. पायऱ्या उतरले आणि परत वर जाऊन सांगितलं, इसी हफ़्ते दे दो.
घरी येऊन पाणी घातलं. मातीलगत, काडीच्या अगदी बुडाशी काहीतरी फुगलंय. नवा डोळा असेल, नाहीतर गॅसने आलेला फोड. चष्मा लावून पाहिलं, कळत नाही. ऋचाला बोलावलं, तिलाही कळेना. नख लावलं नाही. पोती ओली केली. चहा घेऊन तिथेच बसले.