सोनमचा डावा हात

काटेवाडी, मंगळवार

चि. सौ. राजेश्वरीस,

सारजाबाईचे आशीर्वाद. (दत्तोपंत मास्तरांनी पेन थांबवून विचारलं, नुसतं चि. लिहू की सौ. पण? मी म्हटलं, दुसरं लग्न करून अठरा वर्षं संसार केला पोरीनं, सौ. नाही तर काय, लिहा.) भवानीनगरात तुम्ही सगळी खुशाल असाल. माझे गुडघे सोडले तर आम्हीही बरे. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू गप्प बसतेस आणि मी भांडते. कागदावर निदान मास्तर मध्ये बसलेले असतात, ते माझ्या शिव्या गाळतात.

तर काल सोनमची मेंदी झाली. आमच्या वेळी कुंपणाच्या मेंदीचा पाला ओरबाडायचा, पाट्यावर वाटायचा, तळव्यावर एक गोळा आणि बोटांना टोप्या, की नवरी तयार. आता बारामतीहून दोन पोरी कोन घेऊन आल्या. मांडव हिरवा, साड्या हिरव्या, आणि स्पीकर असा की कोंबड्या खुराड्यात बसेनात. म्हणे ही आपली परंपरा. असेल बाई, मला कुणी सांगितलं नव्हतं. सोनमच्या हातावर मोर, हत्ती आणि डोली काढली. (जाणार आहे बोलेरोतून.) शेळगावहून ठमावन्सं आल्या होत्या, त्यांनी कोपरापर्यंत हात भरून घेतले आणि मग त्यांचं नाक खाजलं. ते खाजवायला मी, भजी भरवायला मी, पदर सावरायला मी. साऱ्या बायकांत कोरे हात माझेच, तुझ्या सासऱ्यामागं कोरेच राहिलेले.

पाच वाजले आणि म्हैस ओरडायला लागली. धार काढणाऱ्या सगळ्या हात पसरून बसलेल्या, आणि माझी बोटं आता वळत नाहीत. माझे दीर रामहरी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून फिरत होते, ते म्हणाले, “त्यात काय हाय, मी काढतो की.” म्हशीनं त्यांना आधी हुंगलं, मग लाथ घातली. बादली एकीकडं आणि भावजी शेणात. हिरव्या रंगाचा नियम सगळ्यांत नीट त्यांनीच पाळला.

मग सोनम उठली. घागरा खोचला, भरलेला उजवा हात वर धरला आणि डाव्या हातानं धार काढायला बसली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, डावा हात कोरा आहे. मेंदीवाली म्हणाली, नवरीनंच थांबवलं. मी विचारलं, “का गं, हात कोरा का ठेवलास?” म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून, माझ्याकडं न बघता म्हणाली, “ती आईची जागा हाय, आज्जे.”

माझा कुंडलिक गेला तेव्हा ती पाच वर्षांची. पुढं दोन वर्षांनी तू निघालीस, तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्या लेकाची पोरगी इथंच राहील, तू जा, आणि पुन्हा या दारात दिसू नकोस. (मास्तर, हे खोडू नका.) इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच तिची आई झाले. काल गोठ्यात कळलं, आजीच होते.

बाकी ठीक.

तुझी (इथं काय लिहावं ते मास्तरांनाही सुचलं नाही)
सारजाबाई

ता. क. हळद गुरुवारी सकाळी आहे. हे पत्र दुधाच्या टेम्पोवाला लखन उद्या सकाळी आणून देईल. तो दुपारी इकडंच परत येतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी असते. हे आमंत्रण समजू नकोस. मी आज कुंपणाचा पाला वाटून ठेवलाय, तो वाया जाईल म्हणून सांगते.

ता. क. दुसरा. तू दोनदा आमच्या उसाच्या बांधापर्यंत येऊन परत गेलीस, ते मी पाहिलं होतं. पोरीला सांगितलं नाही.

ता. क. तिसरा, आणि मास्तर म्हणतात कागद संपला. तो पाला घेऊन सकाळी मीच तिच्यापुढं बसले होते. म्हटलं, आण इकडं, मी लावते. ती रागावली नाही. माझ्या हातातली वाटी घेऊन तिनं हळूच खाली ठेवली आणि मूठ मिटली. माझ्यानं ती उघडत नाही.