सुतकात मागितलेला नमुना

म्हसवड, गुरुवार, संध्याकाळ

माझ्या लेकाला, सोहमला जाऊन आठवडाही झाला नाही. आधी ताप, मग डावा पाय लुळा पडला, मग श्वास. साताऱ्याला त्याचा नमुना घेण्याआधीच सगळं संपलं. म्हणून आज नर्सबाई आल्या. पोलिओ नसेल, दुसरा एखादा विषाणू असेल, पण शोधायला शेजारच्या मुलांच्या शौचाचे नमुने हवेत म्हणाल्या. कुणी द्यायला तयार नाही. रिकाम्या डब्या आमच्या सोप्यात तशाच ठेवून त्या गेल्या.

सुतकात दुसऱ्याच्या दारी जाऊ नये. तरी एक डबी घेऊन मी समोरच्या सुमनवहिनींकडे गेले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आवं, सुतक हाय तुमास्नी! आन् आमच्या पिंकीला काय झालंय व्हय?"

"काही नाही झालं. होऊ नये म्हणूनच."

त्या डबी हातात घेईनात. मी ती उंबऱ्यावर ठेवली. का गेले मी? सोहमसाठी तर आता करण्यासारखं काहीच नाही.

तेवढ्यात पिंकी पळत बाहेर आली. तिच्याशी बोलायला हवं होतं. मी तिच्या पायांकडेच बघत राहिले. वहिनींच्या ते लक्षात आलं. त्यांनी पोरीला पटकन कडेवर उचललं, आत नेलं आणि दार लावून घेतलं.