एवढ्यावर मोतीचं सांगता येतं का?

प्रिय रहीमचाचा,

आज मोतीनं पळी चाटली! तुमच्याखेरीज ही बातमी सांगू कुणाला? म्हणून लिहायला बसलो. अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या.

तुम्हाला मूठमाती देऊन आलो, तेव्हापासून तुमच्या या चित्त्यानं मटणाला तोंड लावलं नव्हतं. गाडीवान दाजी म्हणाले, "मागं दोन चित्तेवान गेले, दोघांचंबी चित्तं मागनं मेलं. ह्योबी जाणार की!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवणार होतो.

पण माळावरची ती सकाळ आठवली. महाराजांची शिकार, आपली बैलगाडी, मोतीच्या डोळ्यांवर टोपी. मी फुशारकीनं म्हणालो, "चाचा, पाचदा सोडला, तीनदा हरीण धरलं. म्हंजे आजबी पाचांत तीन!"

तुम्ही हसलात. "त्या पाचांत उपाशी कवा हुता? आज खाल्लंय का? हरणं किती लांब हायत? सांगितलंय त्यात उत्तर मावतंय का, ते आदी बघ, मर्दा!"

आणि मी? तेवढ्यात एक तितर उडाला, त्याच्या मागं पळालो. मोतीनं हरीण धरलं की नाही, बघायचं राहूनच गेलं!

का हो चाचा, हे शिकवणारे तुम्ही, मग स्वतःचं दुखणं का लपवलंत? विचारलं की "बरं हाय." एवढ्यावर मी काय ओळखणार होतो?

असो. दाजींना विचारलं, "ते दोन चित्ते म्हातारे होते? आजारी? त्यांच्याजवळ कोण बसलं होतं?"

"कुणाला ठावं!"

मग हा मरणार, हे तरी कुणाला ठावं? तुमची घोंगडी पांघरून, मोती झोपतो त्या खाटेशी बसलो. तुम्ही बोलायचात तसं त्याच्याशी काहीबाही बोलत राहिलो. आज त्यानं मटणाच्या लाकडी पळीवर जीभ फिरवली.

जगेल का? एका चाटण्यावर कसं सांगू?

चाची म्हणते, "हितनं तीनदा पळालास, सदू. चौथ्यांदाबी पळशील." चाचा, त्या तीन वेळा माझ्या हाताकडे बघत कुणी उपाशी बसलं होतं का? हे तिनं हिशेबात धरलंच नाही!

वचन देतो. मोती पोटभर खाईपर्यंत मी या खाटेपासून हलणार नाही. त्यानंतरचं मात्र विचारू नका. तेवढं अजून मलाच ठाऊक नाही.

तुमचाच,
मुडशिंगीचा भटक्या सदू