बक्कल्याचं पाणी

२८ नोव्हेंबर
काल थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळची पंगत यंदा माझ्या घरी. आम्हा इटालियन घरांच्या रिवाजाप्रमाणे सात मासे, सतरा माणसं, आणि स्वयंपाक एकट्या एर्नी पास्कुचीचा. आई मार्चमध्ये गेली, तेव्हा तिची पंगत थोरल्याकडे यायची हे उघड आहे. धाकटी बहीण लोरेटा म्हणाली, अरे, तुला अंडं तरी उकडता येतं का? मी म्हणालो, आईची चव माझ्या जिभेवर आहे, हातात उतरायला कितीसा वेळ! आणि हेही ऐकवलं की ईस्टरआधीच्या उपासात, लेंटच्या शुक्रवारी, तू करतेस तो बक्कला (आमचा खारवलेला कॉड मासा) बरा असतो, पण त्याला आईच्या हाताची सर नाही. ती नुसती हसली. म्हणाली, कर तुझ्याकडे, पण फसलं तर पंगत कायमची माझ्याकडे.
मान्य केलं. बिचारी.

१ डिसेंबर
संकल्प: दहा दिवस नेपल्सला जाऊन मुळापासून अभ्यास.

१ डिसेंबर, दुपारी
जोॲन म्हणाली, तुझ्या पासपोर्टची मुदत संपून नऊ वर्षं झाली. बायकोला नको त्या गोष्टी बरोब्बर आठवतात. पण नेपल्स हवंय कुणाला? आपलं खाणं आपल्या आज्यांनी बोटीतून उतरल्यावर इथेच घडवलं. अभ्यासदौरा इथेच. नवी वही घेतली, वर ‘कृती’ असं लिहिलं.

५ डिसेंबर, प्रॉव्हिडन्स
तिखट मिरच्या घालून तळलेले माकूळ. तीन ताटं. आचाऱ्याला कृती विचारणारच होतो, तेवढ्यात ताट पुसायला गरम पाव आला. वही कोरी, पण निरीक्षण दांडगं.

६ डिसेंबर, न्यू हेवन
तिसऱ्या घातलेला पांढरा पिझ्झा. दीड तास रांग. रांगेतला एक म्हातारा म्हणे, त्याची आई सात नाही, तेरा मासे करायची. थापाड्या. कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

८ डिसेंबर, ब्रॉन्क्स
आर्थर ॲव्हेन्यूवर सुरेख बक्कला मिळाला. लाकडासारखा कडक, वर मिठाचा थर. दुकानदारीण म्हणाली, किती दिवस भिजवणार? मी ताडकन म्हणालो, तीन. खूश झाली. पुढे आणखी काही सांगत होती, पण मी हात वर केला. बाई, आमच्या घरात चार पिढ्या हेच चाललंय.

१९ डिसेंबर
आपल्या नाइन्थ स्ट्रीटवरच्या मासेवाल्या आतिलिओकडून जिवंत वाम आणली. पंगतीला वाम ताजीच हवी. तूर्त आंघोळीच्या टबात. आतिलिओ म्हणाला, एर्नी, मारून देऊ का? मी म्हणालो, पास्कुची आपली वाम आपण मारतात.

२० डिसेंबर
सुरी घेऊन टबापाशी गेलो. तिने वर बघितलं. उद्या बघू.

२१ डिसेंबर
सकाळी बक्कला तळघरातल्या सिंकमध्ये पाण्यात घातला. आईकडे असाच असायचा. दरवर्षी मीच तो उचलून जिना उतरून तिच्या सिंकपाशी नेऊन द्यायचो, आणि तीन दिवसांनी टेबलावर खायचो. म्हणजे अख्खी पद्धत मला तोंडपाठ. आता तीन दिवस हात लावायचा नाही. जोॲनलाही सक्त ताकीद दिली.
माकूळ तळून पाहिले. चपलेचा पट्टा. तेल हलकं असणार.

२२ डिसेंबर
टब अडलेला, म्हणून जोॲन आंघोळीला लोरेटाकडे जाते. रोज दीड तास. मी विचारलं, तिथे आपल्याकडचं काही बोलत नाहीस ना? म्हणाली, मी साबण अंगाला लावते, तोंडाला नाही.
विश्वासू बाई आहे.

२३ डिसेंबर
आतिलिओ बादली घेऊन आला आणि वाम परत घेऊन गेला. गेले दोन दिवस तिला सिन्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणत होतो, ती चूक झाली. नाव ठेवलं की खाणं अवघड. हरकत नाही, डब्यातला ट्यूनाही मासाच. अँकोव्हीही मासाच. चर्चने कुठे डबा वर्ज्य म्हटलंय?

२४ डिसेंबर, दुपारी ३
बक्कला तळला. एक घास खाल्ला, तीन ग्लास पाणी प्यायलो. मीठ छान मुरलंय. थोडं जास्तच मुरलंय. जोॲनने चाखला आणि कोट चढवला. म्हणाली, लोरेटाकडे जाऊन येते. आंघोळ तर सकाळीच झाली होती.

२४ डिसेंबर, संध्याकाळी साडेपाच
लोरेटा आली. मागोमाग नवरा, पातेली उचलून. सातही मासे, शिजवून तयार. ती थेट तळघरात उतरली. सिंकमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. म्हणाली, पाणी कितीदा बदललंस?
मी म्हणालो, बदलायचं कशाला? आई कुठे बदलायची?
तिने बोट पुसलं. मग म्हणाली, एर्नी, आईचे हात आठ वर्षांपूर्वीच गेले रे. सकाळ-संध्याकाळ मी तिच्याकडे जायचे. पाणी मी बदलायचे, तळायचेही मीच. ती खुर्चीत बसून ओरडायची. तुला सांगू नको म्हणाली होती. तू पंगतीत तिची तोंड भरून तारीफ करायचास ना, तेवढं तिला ऐकायचं असायचं.

२५ डिसेंबर
काल सतराही जण पोटभर जेवून उठले. जोॲन सगळ्यांसमोर मला म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा. कुणी नाही म्हटलं नाही.
बक्कला मी सगळ्यात शेवटी घेतला. तीच चव. अगदी तीच. आठ वर्षं मी जिची तारीफ करत होतो ती पलीकडे उभी राहून ताटं उचलत होती, आणि लेंटमध्ये तिलाच तोंडावर नावं ठेवत होतो. लाज वाटली. मोठ्याने म्हणालो, लोरेटा, हा आईसारखा झालाय. ती म्हणाली, गाढवा, आईचा माझ्यासारखा व्हायचा. आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. कांद्याचं नाव सांगितलं. कांदा कुठेच नव्हता.
पुढच्या वर्षापासून पंगत तिच्याकडे, कायमची. मला एक काम दिलंय. वही उघडली, पहिली कृती लिहून घेतली:
पाणी बदलणे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.