आमच्याकडे, तैवानात

७ जुलै
तक्रार नोंदवून ठेवतो. तकारादि तैवान 'त'मध्ये सापडू नये, यापरता वर्णमालेचा अपमान नाही. लेकीला, ऋजूला, कांदा-लसूण चटणी पाठवायला कुरिअरच्या दुकानात गेलो. संगणकावरच्या देशांच्या यादीत तैवान नाही. इंग्रजी 'टी'तही नाही. काउंटरवरची बाई म्हणाली, "पावणं, चीनखाली हाय बघा. करू क्लिक?" म्हटलं, करा. चटणी पोचल्याशी मतलब. पावतीचा फोटो ऋजूला धाडला.

८ जुलै
ऋजूचा फोन. चटणीचं कौतुक शून्य. "बाबा, चीन लिहिलंत?" तीन वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत आहे, आता बेटाची वकीलही. सरकार त्यांचं, मतदान त्यांचं, पासपोर्ट त्यांचा. शेजारी म्हणतो, बेट माझं. उरलेलं जग घसा खाकरतं. हे सगळं मला ठाऊक आहे, बातमीदार आहे मी. पण काल काउंटरवर बातमीदार नव्हता, बाप होता.

११ जुलै
कचेरी. चौगुले, आमचे वृत्तसंपादक: "तुमची पोरगी तिथं हाय न्हवं? मग फुडच्या रविवारला लिहा की, त्या बेटाचं फुडं काय."
"देश लिहू का प्रांत?"
"बेट लिहा की ओ शास्त्री! बेटाला कोण न्हाय म्हणतंय?"
एम.ए. संस्कृतचा उपयोग एवढाच, कचेरीत 'शास्त्री' म्हणतात. दोन बाजूंना पाणी ते द्वीप, अशी व्युत्पत्ती शिकवली होती आम्हाला. पाणी कुणाचं, ते काही शिकवलं नाही.

१५ जुलै
व्हिडिओ कॉल चालू असतानाच तिच्याकडे भोंगा वाजला. हवाई हल्ल्याचा सराव. सगळे तळघरात निघालेले, ही बया जिन्यावरून आमच्याशी बोलतेय. सौ. कणकेच्या हातानेच फोनला भिडली. "ऋजू, तू ये बाई परत."
"अगं आई, आमच्याकडे दरवर्षी असतो हा."
सौ.ला भोंगा ऐकू आला. मला 'आमच्याकडे'.
आत्ताआत्तापर्यंत तिचं 'आपल्याकडे' म्हणजे कोल्हापूर. आपल्याकडे पाऊस आहे का, आपल्याकडे रश्शाला तिखट जास्त असतं. 'आपल्या'त ऐकणारा धरलेला असतो, 'आमच्या'त तो बाहेर. संस्कृतात ही सोय नाही. 'अस्माकम्' म्हटलं की कोण आत, कोण बाहेर, कळत नाही. देवभाषा या बाबतीत दयाळू.
चटणी पोचली की नाही, हे सांगायचं ती विसरली. विचारायचं मी.

२० जुलै
लेख छापून आला. शेवट बरा जमलाय: कुणाबरोबर राहायचं, कुणाशिवाय राहायचं, ते बेटावर राहणाऱ्यांनी ठरवावं, दुरून माया दाखवणाऱ्यांनी त्यात हक्क सांगू नये. चौगुले खूश. सौ.ने चष्मा लावून पुरता वाचला, घडी घातली, माझ्या पुढ्यात ठेवला.
"बेटाला ठरवू द्या म्हणताय. आणि पोरीला?"
पंचगंगेचं पाणी किती चढलंय बघून येतो म्हणून बाहेर पडलो. पाणी पात्रातच होतं.

२४ जुलै
ऋजूला तिथे कायमची नोकरी देऊ केलीय. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मेसेज: "बाबा, तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा. लेखातलं नको."
'अभिनंदन' लिहिलं. पुसलं. 'तिथली परिस्थिती पाहता' लिहिलं. तेही पुसलं. परिस्थिती पाहणारा मी कोण?
इथे तरी खरं लिहितो. त्या समुद्रात लढाऊ जहाजं दिसल्याची बातमी टेबलावर आली की आधी तिचा मेसेज आलाय का बघतो. आणि पाठोपाठ, अगदी हळू, वाटतं: आता येईल परत. अख्ख्या बेटावर संकट यावं, का, तर माझी मुलगी घरी यावी. दर खेपेला वाटतं. कुणाला सांगितलेलं नाही, सौ.लाही नाही. तिथे काय होईल याची भीती आहेच. पण त्याहून जास्त भीती या वाटण्याची आहे.
उत्तर अजून दिलेलं नाही. मेसेज मी वाचलाय, एवढं तिला दिसत असेल.