विलंबाने रुजू

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन माणसं एकाच दारातून वेगवेगळ्या दिवशी आत आली, तर त्यांच्यात मोठं कोण? मला उत्तर येत नाही. नियम येतो, तोंडपाठ आहे. पण उत्तर येत नाही.

झालं असं — मोठ्या बाबूंनी आज ज्येष्ठता यादीचं काम माझ्याकडे दिलं. मोठे बाबू म्हणजे आमच्या आस्थापना शाखेचे प्रमुख. कार्यालयातल्या सगळ्यांच्या नेमणुका, रजा, बढत्या त्यांच्याच टेबलावरून जातात. एप्रिलमध्ये वरिष्ठ लिपिकाची एक जागा रिकामी होते आहे. यादीत ज्याचं नाव सगळ्यात वर, त्याला ती जागा. त्यानंतरची थेट अकरा वर्षांनी. मोठे बाबू म्हणाले, यादी करताना माणसं बघायची नाहीत, तारखा बघायच्या.

मी तारखा बघितल्या. पहिलं नाव माझंच आलं!

मग दुपारभर काही सुचलं नाही. आमची शाखा नकाशाघराच्या वर आहे. खाली पत्र्याच्या लांब नळकांड्यांत जुने नकाशे गुंडाळून ठेवलेले असतात. जिन्याच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा खाली उतरतो आणि तीनच्या सुमारास नेमका नद्यांच्या कपाटाला टेकतो. मी त्याच्याकडे बघत बसले. वाटलं, आत्ता उठावं आणि त्या पट्ट्यावरून चालत चालत सरळ घरी जावं.

५ फेब्रुवारी, बुधवार

घरी सांगितलं. चूकच केली. अजून कशात काही नाही, आणि आईने तासाभरात खालच्या दोन्ही मजल्यांवर कळवलंसुद्धा. बाबा घरं रंगवतात. आज हाताला फिकट निळा लागलेला होता. तो पुसत त्यांनी विचारलं, म्हणजे टेबल मोठं मिळणार का? म्हटलं, मोठं नाही, खिडकीजवळचं मिळेल. तर म्हणे, मग खिडकीला रंग मी देतो, सरकारला सांग.

दादा कामात होता. तो शिवणयंत्रं दुरुस्त करतो. एक यंत्र पोटातून उघडून बसला होता. थोड्या वेळाने शीळ घालायला लागला. दादा शीळ घालतो म्हणजे स्वारी खूश.

दहावीनंतर त्याने शाळा सोडली. दोघांना पुढे शिकवणं जमण्यासारखं नव्हतं. मार्क त्याचेही चांगले होते. घरात हे कोणी बोलत नाही, पण माझ्या पदवीचा फोटो भिंतीवर लावताना खिळा त्यानेच ठोकला, आणि तो सरळ लागावा म्हणून तीनदा उपटून ठोकला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तात्पुरती यादी फलकावर लागली. हरकती एकवीस तारखेपर्यंत. कोणी हरकत घेतली नाही, तर हीच अंतिम.

पहिली मी. दुसऱ्या ताई.

ताई माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, नोकरीत पाच महिन्यांनी लहान. आम्ही एकाच परीक्षेतून आलो, एकाच निवडयादीतून; बाकीचे त्या यादीतले दुसऱ्या कार्यालयांत पांगले. मी आधी रुजू झाले म्हणून ताई मला पहिल्या दिवसापासून 'सीनिअर' म्हणतात. सीनिअर, पंखा कमी करू का? सीनिअर, तुमची परवानगी असेल तर चहा घेऊन येते. सगळी शाखा हसते. मीही हसते.

आज फलकासमोर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक जवळजवळ कागदाला लावून यादी वाचली आणि म्हणाल्या, "घ्या. मी तीन वर्षं थट्टा करत होते, सरकारने खरं मानलं."

मग टेबलावर येऊन बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी डोळा लागला. स्वप्नात कार्यालयाचा जिना संपतच नव्हता. आजपर्यंत रुजू झालेले सगळे त्यावर उभे — धोतरातले, टोपीतले, माझ्यासारखे नवे. प्रत्येकाच्या हातात आदेशाचा कागद. कोणी ढकलत नव्हतं. सगळे हळू आवाजात एकमेकांना विचारत होते, तुमची तारीख काय? तुमची? आणि ज्याची तारीख आधीची निघेल त्याला वाट देत होते. मी पुष्कळ वर पोचले. सगळ्यात वरच्या पायरीवर कोणीच नव्हतं. नुसतं ऊन होतं.

जागी झाले तेव्हा गालावर उशीची घडी उमटली होती. आई म्हणाली, साहेबीणबाई उठल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज नियमाचं पुस्तक पुन्हा वाचलं. सावकाश. एकाच निवडयादीतल्या माणसांना वेगवेगळ्या तारखांना नेमलं, तरी त्यांची ज्येष्ठता रुजू होण्याच्या तारखेने ठरत नाही. निवडयादीतल्या क्रमाने ठरते. अट एकच — आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत रुजू व्हायला हवं. उशीर केला, तर क्रम गेला. मग रुजू दिनांक धरायचा.

निवडयादीत ताई चौथ्या. मी सातवी.

म्हणजे ताई वर असायला हव्यात. पण त्यांच्या नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द आहेत: 'विलंबाने रुजू'. आदेश निघाला आणि त्या आल्या, यांत पाच महिने. मी यादी करताना तो शेरा होता तसाच उतरवला होता. दोन शब्दच तर होते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डबा खाताना विचारलं, ताई, तुम्ही इतक्या उशिरा का रुजू झालात?

आधी त्या थट्टेवर नेत होत्या — चौकशी लावली का सीनिअरने? मग सांगितलं. निकाल लागला, नाव होतं, घरात आनंद झाला. पत्र काही आलं नाही. एक महिना वाट बघितली, दुसरा महिना बघितली. मग वाटलं, काहीतरी रद्द झालं असेल, आपल्याला कोण कळवणार. बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कामावर जायला लागल्या. पाचव्या महिन्यात निकालाचं कात्रण पर्समधून काढून टाकायला घेतलं, आणि टाकवेना. तेच घेऊन इथे आल्या. मोठ्या बाबूंनी आदेशाची दुसरी प्रत हातात दिली आणि त्या त्याच दिवशी रुजू झाल्या.

"मग पत्र मिळालंच नाही म्हणून अर्ज का नाही केलात?"

"कोणावर? पोस्टमनवर?" ताईंनी डब्याचं झाकण लावलं. "दारात आले, आत घेतलं. तेवढंच पुष्कळ वाटलं मला. पण खरं सांगू? ते पाच महिने घरात मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र मिळालं नाही, तर ते कुठेतरी असणार. परत आलेल्या टपालाचं कपाट नकाशाघराच्या टोकाला आहे, कोणी उघडत नाही. जेवणाच्या सुट्टीत किल्ली घेतली. मोठे बाबू म्हणाले, त्या कपाटात तुझं काय हरवलंय? म्हटलं, बघते.

तीन वर्षांपूर्वीचा गठ्ठा तळाशी होता. दोरी सोडली. तिसरंच पाकीट! वर ताईंचं नाव, आणि खाली दुसऱ्याच गावचा पत्ता. ताईंचा नव्हे. निवडयादी आणून ताडून पाहिली. पाचव्या क्रमांकाच्या माणसाचा पत्ता. लिहिणाऱ्याची नजर नाव चौथ्या ओळीतून उचलून पत्त्याला पाचव्या ओळीवर घसरली होती. कोपऱ्यात पोस्टाचा शेरा — या नावाची व्यक्ती येथे राहत नाही. पाकीट फोडलेलंच नाही. आत आदेश तसाच घडी घातलेला, उजेडाला धरला की दिसतो.

म्हणजे ताईंनी उशीर केलाच नाही. आदेश हातात आला त्याच दिवशी त्या रुजू झाल्या. चौथी ती चौथीच.

इतका आनंद झाला! सापडला, न्याय सापडला, असं मोठ्याने म्हणाले असेन. नकाशाघरात कोणी नव्हतं म्हणून बरं. धूळ उन्हात तरंगत होती, तीसुद्धा आनंदाने फिरते आहे असं वाटलं.

आणि मग अक्षर बघितलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं आहे. 'र'ची शेपटी अशी लांब ओढायची खोड शाळेपासूनची.

माझा कार्यालयातला पहिला आठवडा होता. ज्यांची कागदपत्रं आधी तपासून झाली त्यांना आधी बोलावलं, त्यात मी आले. उरलेल्यांचे आदेश पंधरा दिवसांनी निघाले. मोठे बाबू म्हणाले, तुझं अक्षर छान आहे, पाकिटं तू लिही. आणि यादी वाचताना ओळीखाली पट्टी धर, नजर घसरते. मला वाटलं, पट्टी काय धरायची, मी पदवीधर आहे. नव्वद पाकिटं एका बैठकीत लिहिली. संध्याकाळी घरी जाऊन बाबांना सांगितलं, आज माझ्या हातची पत्रं नव्वद घरांत नोकरी घेऊन निघाली.

एकोणनव्वद.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाकीट कपाटातच ठेवलं आहे. त्या कपाटात अजून वीस वर्षं कोणी हात घालणार नाही. हे मला माहीत आहे, आणि माहीत आहे हेच वाईट आहे.

दिवसभर डोक्यात नकाशाघरातली एक नदी. दोन नकाशे आहेत तिचे. जुन्या नकाशात ती गावाच्या उजवीकडून वाहते, नव्यात डावीकडून. मध्ये कधीतरी एका पुरात तिने वाट सोडली. उजवीकडच्यांचे घाट तसेच राहिले असतील. पाणी नसलेल्या पायऱ्या. कोणी तिथे बसत असेल का? ताई बसल्या असत्या, चष्मा पुसत, म्हणाल्या असत्या — आलं पाणी तर आलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाबूंना आडून विचारलं. समजा, एखाद्याला आदेशच मिळाला नव्हता, कार्यालयाच्या चुकीने, असं निघालं तर?

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ते सगळं ओळखतात. म्हणाले, ज्याचं नाव यादीत आहे त्या कोणालाही हरकत घेता येते. पण कार्यालयाची चूक म्हटली की वरून विचारणार, कोणाची? मग त्या माणसाच्या सेवापुस्तकात नोंद होणार. सेवापुस्तक निवृत्तीपर्यंत बरोबर असतं, पुढच्या प्रत्येक बढतीला ते उघडतात.

बराच वेळ ते कागद चाळत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "त्या पाकिटांवर रवाना करण्याआधी सही माझी होती. मी एकही पालथं करून बघितलं नव्हतं."

ताईंनी आज विचारलं, सीनिअर, नवीन टेबलाच्या खणात मला काही जागा देणार का? मला हसता आलं नाही. त्या म्हणाल्या, बघा, आत्तापासूनच भाव.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कामाला गेले, परत आले. ऊन नेहमीपेक्षा लवकर नद्यांच्या कपाटापर्यंत पोचलं होतं. बाकी लिहिवत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी दादाच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. त्याने स्टूल पुसून दिलं, दुकानात तो मला नेहमी पाहुणीच समजतो. मी सगळं सांगितलं. पाकीट, पत्ता, अक्षर, नोंद. हरकत दिली तर काय होईल तेही.

तो यंत्राचं चाक हाताने फिरवत ऐकत होता. सुई वर-खाली, धागा नसलेली. मग म्हणाला, तुला कोणी विचारलंय का? नाही ना? मग गप्प बस. मी म्हटलं, ताई अकरा वर्षांनी शेहेचाळीसच्या होतील. तो म्हणाला, आणि तू छत्तीसची होशील, ते मोज.

"पण दादा, त्या चौथ्या आहेत. मी सातवी."

चाक थांबलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी शाळा सोडली ती तू कोणासाठी तरी मागे सरकावंस म्हणून नाही."

मला रडू येत होतं, पण दुकान रस्त्यावर आहे. त्यालाही वाईट वाटलं असावं. तेलाची कुपी उचलून यंत्राला तेल घालायला लागला, जिथे आधीच तेल होतं तिथेच. मी निघाले तेव्हा म्हणाला, जेवायला थांबू नका, मला उशीर होईल. पाठीमागून शीळ ऐकू येते का म्हणून मी कोपऱ्यापर्यंत कान देऊन चालले. नाही आली.

आई विचारत होती, नव्या जागेवर जायच्या दिवशी काय नेसणार. म्हटलं, बघू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हरकतींची मुदत आज पाच वाजता संपली. एकच हरकत आली होती. माझी, माझ्याच नावाविरुद्ध. मंगळवारी सकाळी मीच आवक-टेबलावर दिली — पाकीट जोडून, आणि पत्ता माझ्या हातचा आहे हेही लिहून. काल दादासमोर त्या स्टुलावर बसले, तेव्हा ती देऊन अडीच दिवस झाले होते.